अम्मी, हा खेळ मध्येच थांबत नाही!

२०२४ च्या रमजानमधली गोष्ट. तरावीहनंतर घर निजानीज झालं की थोरल्याच्या खोलीतून दबक्या आवाजात बोलणं सुरू व्हायचं. "उजवीकडून येतायत... पाठ सांभाळ... अरे, माझ्यावर नको टाकूस, मी इथंच आहे!" मध्येच सगळे खदखदून हसायचे. सहेरीला उठवायला जावं तर हा जागाच. कानाला हेडफोन, डोळे तांबारलेले. सहेरी करायचा, फजर पढायचा आणि जो झोपायचा तो जोहरची अजान झाली तरी हलायचा नाही.

तीन-चार दिवस सांगून पाहिलं. उत्तर ठरलेलं : "अम्मी, हा खेळ मध्येच थांबत नाही. पाच मिनिटं दे." त्या पाच मिनिटांचा अर्धा तास व्हायचा. एका रात्री माझा संयम सुटला. सरळ हॉलमध्ये गेले आणि राउटरचं बटण बंद केलं. आतून "अम्मी!" अशी एक हाक आली आणि मग सगळं शांत. मला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी दोह्याहून पुतण्याचा फोन आला. माझ्या दिराचा हा मुलगा तिथं एका गोदामात नोकरीला आहे. दोन परक्या माणसांबरोबर एका खोलीत राहतो. सलाम-दुवा झाल्यावर हळूच म्हणाला, "चाची, काल तुम्ही नेट बंद केलंत ना? रागावू नका, पण आम्ही तिघं पार शेवटाला येऊन मेलो. बंद करायचं तर खुशाल करा, फक्त आम्ही सुरू करायच्या आधी सांगत जा." मग जरा थांबून म्हणाला, "दिवसभरात आपली भाषा बोलायला मिळते ती तेवढाच वेळ."

मला काय बोलावं कळेना. तोवर मी समजत होते की माझा मुलगा रात्रभर एकटाच पडद्यासमोर बसतो. तो एकटा नव्हता. रत्नागिरीत माझा मुलगा, दोह्यात पुतण्या, मुंब्र्यात नणंदेचा मुलगा आणि पुण्यात शिकणारा माझ्या बहिणीचा मुलगा, अशी चौघांची तुकडी होती. लहानपणी सुटीत आमच्या अंगणात लगोरी खेळणारी हीच ती चार पोरं. कतारचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. तिथली तरावीह आटोपेपर्यंत आपल्याकडे अकरा वाजतात, म्हणून रात्रीची जागरणं.

त्या दिवशी ठरवलं, बंदी घालायची की नाही हे नंतर पाहू. आधी मुलाशेजारी खुर्ची ओढून बसू आणि हे आहे तरी काय ते बघू.

चौघांची तुकडी

खेळाचं नाव 'हेलडायव्हर्स २'. स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहरातल्या अ‍ॅरोहेड गेम स्टुडिओजने तो बनवला आणि सोनी कंपनीने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ आणि कॉम्प्युटरसाठी बाजारात आणला. पहिला 'हेलडायव्हर्स' २०१५ मधला, पण तो फारसा गाजला नव्हता. या दुसऱ्याने मात्र बारा आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रतींचा टप्पा गाठला. सुरुवातीला इतकी झुंबड उडाली की सर्व्हर अपुरे पडले आणि विकत घेतलेला खेळ उघडण्यासाठीही लोकांना ताटकळत बसावं लागलं.

कथा भविष्यातली आहे. माणसं अवकाशात दूरवर पसरली आहेत आणि पृथ्वीचं नाव आता 'सुपर अर्थ' झालं आहे. तिचे शत्रू तीन. टर्मिनिड नावाचे अवाढव्य किडे, ऑटोमॅटन नावाचे यंत्रमानव आणि इल्युमिनेट नावाची परग्रहावरची एक प्रगत जमात. जास्तीत जास्त चार खेळाडूंची तुकडी एखाद्या ग्रहावर उतरते, दिलेलं काम पुरं करते आणि न्यायला आलेल्या यानात बसून परतते.

एका मोहिमेला बहुतेक वेळा चाळीस मिनिटांपर्यंतची मुदत असते आणि ती खरोखरच मध्ये थांबवता येत नाही. चार शहरांतले चार जण एकाच वेळी त्या ग्रहावर असताना एकाने थांबवायचं ठरवलं तर बाकीच्यांनी काय करायचं? मुलगा खोटं बोलत नव्हता हे मला तेव्हा कळलं.

दुसरं लक्षात आलं ते असं की, इथे आपली गोळी आपल्या माणसालाही लागते. बऱ्याच खेळांत साथीदाराला इजा होत नाही, इथे ही सवलत नाही. वरून बाँब मागवला आणि साथीदार कुठे उभा आहे ते पाहिलं नाही, तर शत्रूबरोबर तोही जातो. "माझ्यावर नको टाकूस" या ओरडण्याचा उलगडा झाला. बाँब असो, दारूगोळा असो की मेलेल्या साथीदाराच्या जागी नवा सैनिक, काहीही मागवायचं तर बाणांची बटणं ठरलेल्या क्रमाने दाबावी लागतात. साथीदार परत आणायचा तर वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर. दारूगोळा हवा तर खाली, खाली, वर, उजवीकडे. अंगावर किडे धावून येत असताना, हात कापत असताना हे बिनचूक दाबायचं.

रणगाडे फोडणारी एक मोठी तोफ खांद्यावर घेता येते. एकट्याने ती भरायला वेळ लागतो. पण गोळ्यांची पिशवी साथीदाराने पाठीवर घेतली आणि शेजारी उभं राहून तोफ भरून दिली, तर ती भराभर चालते. म्हणजे एकाने मारायचं आणि दुसऱ्याने, स्वतःच्या नावावर एकही शिकार न लागता, नुसतं भरत राहायचं. आमच्या घरातला सगळ्यांत हट्टी पोरगा दोह्यातल्या भावासाठी मुकाट्याने तोफ भरताना मी पाहिला. घरात पाण्याचा पेला भरून देताना तो इतका तत्पर नसतो, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही!

ग्रहावर वेचलेले नमुने कुणीही उचलले तरी यानात पोहोचल्यावर ते चौघांच्याही खात्यात जमा होतात. ज्याच्याकडे नमुने आहेत तो वाटेत पडला, तर दुसऱ्याने ते उचलून न्यायचे. एकट्याचा फायदा असा फारसा नाही. हे पाहून माझा राग पुष्कळ निवळला.

धाकट्याचं वाक्य

पण खरी गोष्ट पुढेच आहे. माझा धाकटा सहावीत. खेळत नव्हता, पण भावाच्या पलंगावर पालथा पडून तासन्तास बघायचा. एके संध्याकाळी इफ्तारची फळं चिरता चिरता मी सहज विचारलं, "काय रे, त्या किड्यांना तुम्ही का मारता?"

तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "अम्मी, ते वाईटच असतात. त्यांना आपलं स्वातंत्र्य बघवत नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"त्यांच्या बातम्यांत सांगतात की."

माझ्या हातातली सुरी थांबली. कारण हेच वाक्य मी यापूर्वी ऐकलं होतं, आणि ते किड्यांविषयी नव्हतं, माणसांविषयी होतं. 'ते असेच असतात', 'त्यांना आपलं चांगलं बघवत नाही', 'त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही'. कुठल्याही देशात, कुठल्याही समाजाविरुद्ध माणसं उठवायची असली की पहिल्यांदा हीच वाक्यं तयार होतात. आपल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

त्या रात्री थोरल्याला म्हटलं, "हा खेळ लहान पोराला द्वेष शिकवतोय." त्यावर त्याने जे उत्तर दिलं, त्याची मला अपेक्षा नव्हती. म्हणाला, "अम्मी, उलट आहे. हा खेळ त्या बातम्यांचीच टर उडवतो. तू नीट बघ."

नीट बघितल्यावर

मग मी नीट बघितलं. खेळ सुरू होतो तो एका सरकारी जाहिरातीने. हसरं कुटुंब, टुमदार घर, त्यावर हल्ला आणि मग 'तुम्हीही भरती व्हा' असं आवाहन. भरती झालेल्या सैनिकाचं प्रशिक्षण काही मिनिटांत उरकतं, त्याच्या खांद्यावर एक झोकदार झूल चढवतात आणि वीर म्हणून रवानगी होते. तो मेला की लगेच दुसरा त्याच्या जागी वरून टाकला जातो. चौघांच्या तुकडीला अशा वीस बदल्या माणसांचा कोटा असतो. कुणी रडत नाही, कुणी नाव विचारत नाही. सुपर अर्थच्या राज्यपद्धतीचं नाव आहे 'नियंत्रित लोकशाही'. आणि सैनिक गोळ्या झाडताना 'लोकशाही'च्या नावाने आरोळ्या ठोकतात!

मुलाने मला एक गंमत दाखवली. मेलेल्या किड्यांपासून एक इंधन बनतं आणि त्यावरच सुपर अर्थची अवकाशयानं चालतात. त्या इंधनाचं नाव 'ई-७१०'. म्हणाला, "अम्मी, हा ७१० इंग्रजी अंकांत कागदावर लिही आणि कागद उलटा धर." मी धरला. इंग्रजीत 'ऑइल' असं वाचता आलं. तेल! म्हणजे आरडाओरडा स्वातंत्र्याचा आणि डोळा तेलावर. ज्या घरांतली माणसं दोन पिढ्या आखातात राबली, त्यांना या विनोदातली मेख समजावून सांगावी लागत नाही.

आणखी एक. पहिल्या 'हेलडायव्हर्स'मध्ये इल्युमिनेट जमातीवर सुपर अर्थ चालून जाते. आरोप काय, तर त्यांनी सामूहिक विनाशाची शस्त्रं दडवून ठेवली आहेत. २००३ मध्ये इराकवर हल्ला करताना जगाला हेच कारण सांगण्यात आलं होतं आणि ती शस्त्रं पुढे सापडलीच नाहीत. स्वीडनच्या खेळकर्त्यांनी ते कारण जसंच्या तसं उचलून इथे ठेवलं आहे.

या खेळावर १९९७ च्या 'स्टारशिप ट्रूपर्स' चित्रपटाची छाप उघड दिसते. त्याचे दिग्दर्शक पॉल व्हेरहोव्हन हे नेदरलँड्सचे. त्यांचं बालपण दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांच्या ताब्यातल्या हेग शहरात गेलं. गणवेश, घोषणा आणि प्रचाराचा अर्थ काय असतो हे त्यांनी कोवळ्या वयात पाहिलं होतं. चित्रपटात त्यांनी देखणे तरुण सैनिक, किड्यांशी युद्ध आणि मध्ये मध्ये सरकारी जाहिराती दाखवून युद्धखोरीची खिल्ली उडवली. पण गंमत अशी झाली की त्या वेळी कित्येक समीक्षकांना ती खिल्ली कळलीच नाही. त्यांना वाटलं, हा चित्रपट युद्धाचा आणि हुकूमशाहीचा गौरवच करतो.

जिथे शिकलेसवरलेले समीक्षक फसतात, तिथे सहावीतलं पोरगं काय करणार? थोरला एकोणीस वर्षांचा. त्याला उपहास कळत होता, म्हणून तो हसत होता. धाकटा तेच ऐकून ते खरं मानत होता. खोली तीच आणि पडदाही तोच, पण दोघं दोन वेगळे धडे घेत होते. युरोपात या खेळावर १८ वर्षांवरील आणि अमेरिकेत १७ वर्षांवरील असा शिक्का आहे. मी तो रक्तपातामुळे असेल असं समजत होते. आता वाटतं, रक्त तर दिसतंच, पण न दिसणारा उपहास समजायलाही वय लागतं.

इथे एक तुलना करावीशी वाटते. तुकडीने लढण्याचाच 'सिक्स डेज इन फलुजा' नावाचा आणखी एक खेळ आहे. तो २००४ मधल्या इराकच्या फलुजा शहरातल्या खऱ्या लढाईवर बेतलेला आहे. २००९ मध्ये तो जाहीर झाला, टीका झाली आणि कोनामी कंपनीने हात काढून घेतला. पुढे तो पुन्हा वर आला, तेव्हा २०२१ मध्ये अमेरिकेतल्या 'केअर' या मुस्लिम संघटनेने मोठ्या कंपन्यांना तो विकू नका असं आवाहन केलं. तरी २०२३ मध्ये तो विक्रीला आलाच. त्यात समोरची घरं खऱ्या माणसांच्या शहरातली आहेत. त्याच्याशेजारी ठेवलं तर किडे आणि यंत्रमानव बरे वाटतात. पण किडे आहेत म्हणून प्रश्न विचारायचेच नाहीत, असंही नाही. शत्रूला किडा म्हणणं हीच तर पहिली पायरी असते.

हुकूम आणि खेळाडू

या खेळातलं युद्ध जगभरच्या सगळ्या खेळाडूंचं मिळून एकच आहे. कुठला ग्रह जिंकला, कुठला गेला, हे लाखो लोकांच्या खेळण्यावर ठरतं. स्टुडिओतला जोएल नावाचा एक माणूस पडद्यामागून हे युद्ध हलवत असतो. मोठे हुकूम वरून येतात. त्या रमजानमध्ये सगळीकडे मॅलेव्हेलॉन क्रीक या जंगली ग्रहाची चर्चा होती. यंत्रमानवांनी तिथे खेळाडूंची दाणादाण उडवली होती. शेवटी तो परत जिंकल्यावर ३ एप्रिल हा तिथल्या शहिदांचा स्मृतिदिन म्हणून जाहीर झाला. आमच्या चौघांनी त्या रात्री मानाची झूल मिळाल्याचा जो गलका केला, त्याने दादीसुद्धा उठून बसल्या.

पण मला आवडल्या त्या दोन वेगळ्याच गोष्टी. त्याच वर्षी खेळाडूंपुढे एक निवड ठेवण्यात आली. एक ग्रह जिंकलात तर रणगाडे उडवणारे नवे सुरुंग मिळतील. दुसऱ्या ग्रहावर, व्हर्नेन वेल्सवर, आजारी मुलांचं एक रुग्णालय शत्रूच्या वेढ्यात आहे. मुलांना वाचवून कुठलंही नवं शस्त्र हाती येणार नव्हतं. तरीही जगभरच्या खेळाडूंनी मुलांचा ग्रह निवडला. मुलं खोटी होती, पडद्यावर ती दिसतही नव्हती. ते पाहून स्टुडिओने 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेला ४,३११ डॉलरची खरी देणगी दिली.

दुसरी गोष्ट मे २०२४ मधली. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनीही सोनीच्या सेवेचं खातं जोडलंच पाहिजे, असं फर्मान निघालं. ही सेवा जगातल्या शंभराहून अधिक देशांत उपलब्धच नव्हती. म्हणजे तिथल्या खेळाडूंवर, पैसे देऊन घेतलेला खेळ गमावण्याची पाळी. ज्यांना स्वतःला काही अडचण नव्हती असे लाखो खेळाडूही त्यांच्या बाजूने उभे राहिले. नापसंतीच्या शेऱ्यांचा पाऊस पडला आणि काही दिवसांतच सोनीने निर्णय मागे घेतला. खेळात प्रत्येक हुकूम 'जी हुजूर' म्हणून पाळणारी ही पोरं, खेळाबाहेर चुकीच्या हुकमाला नाही म्हणू शकली. हे मला धाकट्याला सांगता आलं.

आमच्या घरात काय ठरलं

बंदी घातली नाही आणि मोकळं रानही दिलं नाही. आम्ही ठरवलं ते असं :

मोहीम सुरू करण्यापूर्वी घड्याळ बघायचं. चाळीस मिनिटांत अजान होणार असेल, जेवण असेल, पाहुणे येणार असतील, तर सुरूच करायची नाही. एकदा सुरू झाली की मीही मध्ये हाका मारणार नाही. हा सौदा दोन्हीकडून पाळला गेला. फर्ज नमाज आणि झोप यांची किंमत देऊन खेळ नाही. रात्री साडेबारानंतर नवी मोहीम नाही.

तुकडी फक्त ओळखीच्यांची. अनोळखी माणसं तुकडीत येऊ शकतात आणि माइकवर काय वाट्टेल ते बोलू शकतात. पण तुकडी मित्रांपुरती किंवा बोलावलेल्यांपुरती ठेवण्याची सोय खेळातच आहे. ती लावून घेतली.

खेळातलं काही सामान खऱ्या पैशांनी घेता येतं. तेच खेळून, मेहनतीने मिळवताही येतं. आमच्याकडे दुसरा मार्ग.

धाकट्याने बघत बसायचं नाही. हे त्याला कडू लागलं. त्याच्या बदल्यात मी रोज अर्धा तास त्याच्याशी कॅरम खेळते आणि बहुतेक वेळा हरते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे प्रश्न विचारायचे. हा शत्रू आहे असं कुणी सांगितलं? त्याची बाजू कुणी ऐकली का? या लढाईतून कुणाच्या हाती काय पडतं? खेळ असो, सिनेमा असो की मोबाईलवर आलेला व्हिडिओ, हे तीन प्रश्न आता आमच्या घरात सर्रास विचारले जातात. कधी कधी ते माझ्यावरही उलटतात. परवा मी शेजारणीविषयी काही बोलले, तर धाकटा म्हणाला, "अम्मी, तिची बाजू ऐकलीस का?"

माझ्यासारख्या अनेक आयांना वाटतं की आपल्याला यातलं काही कळत नाही, मग बोलायचं कशाला? मलाही बटणं आजतागायत कळलेली नाहीत. एकदा हातात घेऊन पाहिलं, तर पहिल्याच मिनिटाला स्वतःच्याच मुलाला उडवलं. पण प्रश्न विचारायला बटणं यावी लागत नाहीत. शेजारी बसावं लागतं, एवढंच.

जूनमध्ये बकरी ईदला पुतण्या सुटी काढून आला. मुंब्र्याचा आणि पुण्याचाही आला. कित्येक वर्षांनी चारही भाऊ एका दस्तरखानावर बसले. कॉम्प्युटर बंद होता, कुणाला त्याची आठवणही नव्हती. बिर्याणीचं ताट रिकामं झालं, तसा दोह्याचा पुतण्या दादींकडे बघून गंभीरपणे म्हणाला, "खाली, खाली, वर, उजवीकडे!" बाकीचे तिघं लोळून लोळून हसले. दादींना काही कळलं नाही. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतोय गं हा?"

मी म्हटलं, "रसद मागतोय, अम्मा." आणि पातेलं घेऊन उठले.